मिडियमची मापं

ती त्या कारखान्यात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिचं काम धागे कापायचं होतं. शिवून झालेला कपडा टेबलावर यायचा, शिवणीतून लोंबणारी दोऱ्याची टोकं छोट्या कात्रीने उडवायची, कपडा झटकायचा, पुढे सरकवायचा. माल परदेशी जाणारा, त्यामुळे एकही टोक राहिलेलं चालत नसे. दोन वर्षांचा संसार मोडून ती आईकडे परत आली होती. नवऱ्याने कधी हात उगारला नव्हता, पण तो तिच्याशी बोलतही नसे. एके दिवशी तिने विचारलं, मी गेले तर चालेल का, तर तो म्हणाला, बघ. आईने काही खोदून विचारलं नाही. कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला आणि म्हणाली, तुझं इथे ठेव.

आठ-नऊ महिने गेले असतील. एका सकाळी पॅटर्न मास्तर जिना उतरून खाली आले. कागदावर कपड्यांचे साचे काढायचं काम त्यांचं. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की कोणावर चिडलेत ते कोणालाच कळू नये. वरच्या सॅम्पल रूममध्ये नमुन्याचे कपडे अंगावर घालून दाखवणारी मुलगी लग्न करून दूर गेली होती, आणि तिच्या जागी कोणीतरी हवी होती. धागे कापणाऱ्यांतल्या सहाजणींना मापं द्यायला उभं केलं. माप घेताना मास्तर समोरच्या भिंतीकडे बघायचे; टेपवरचा आकडा अंगठ्याने धरायचे आणि बाजूला होऊन मगच वाचायचे. चार जणी झाल्या. पाचवी ही. छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस, सीट म्हणजे बसण्याचा घेर अडतीस, खांदा साडेचौदा. मास्तरांनी गिऱ्हाइकाकडून आलेला छापील तक्ता खिशातून काढला, पुन्हा टेप लावली, पुन्हा तक्ता बघितला. पाव इंचाचाही फरक नव्हता.

“हीच,” ते म्हणाले. सहावीचं माप त्यांनी घेतलंच नाही.

तक्त्यावर त्या मापांच्या डोक्यावर एकच अक्षर होतं, मिडियम साइझचं. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव मिडियम पडलं. हाक मारायला सोपं, म्हणून सगळ्यांनी उचललं. पुढे पुढे तर हजेरीवाल्यालाही तिचं खरं नाव यादीत शोधावं लागायचं.

आपल्या कामावर किती काय अडतं, हे तिला हळूहळू कळलं. कापड एका देशातल्या गिरणीतून यायचं, चेन दुसऱ्या देशातून, लेबलं तिसऱ्या. जहाजावरची जागा दोन महिने आधी धरून ठेवलेली असायची. हे सगळं जुळवून आणायची जबाबदारी मर्चंडायझर बाईंची. परदेशी गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि इकडे प्रत्येकाच्या मागे हात धुऊन लागायचं, असा त्यांचा दिवस जायचा. त्यांच्या मागच्या भिंतीवर लांबलचक तक्ता होता. जहाज सुटायच्या तारखेपासून उलटं मोजत आणलेल्या तारखा, आणि मधोमध एक लाल चौकोन: फिटिंग मंजूर. तो भरल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. मिडियमने नमुना अंगावर घालायचा, त्याचे फोटो पलीकडे जायचे, तिकडची तज्ज्ञ बाई व्हिडिओवरून बघून बदल सांगायची. कापड येऊन पडलेलं, बटणं येऊन पडलेली, आणि सगळं घोडं अडलेलं असायचं ते मिडियमच्या काखेत पडणाऱ्या एका चुणीवर.

“तुम्ही आजारी पडू नका हं, मिडियमताई,” मर्चंडायझर बाई म्हणायच्या. “माझं जहाज चुकेल.” बाई तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान होत्या आणि हे दरवेळी हसूनच म्हणायच्या, पण ते काही नुसतं हसण्यावारी नव्हतं.

तर तिने आजारी पडायचं नव्हतं, जाड व्हायचं नव्हतं, बारीकही व्हायचं नव्हतं. दर सोमवारी सकाळी मास्तर तिची कंबर आणि सीट मोजायचे. बाकीची मापं वर्षातून दोनदा. हाडं कुठे हलतात, असं ते म्हणायचे. घरी आईने या नोकरीची पुरती जबाबदारी घेतली होती. ताटात काय किती वाढायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. मुलीने भाताला पुन्हा हात घातला की म्हणायची, “बघ हो, तिकडच्या बायकांचे कपडे सैल होतील.” आणि कधी ती न जेवता उठायला लागली तर तेच उलट: “बस खाली. हजारो बायकांचा श्वास कोंडशील.” दोघींमध्ये हा विनोद वर्षानुवर्षं चालला आणि कधी शिळा झाला नाही.

कारखान्यात मात्र ती एकटी पडत गेली. सॅम्पल रूम वरच्या मजल्यावर, खालच्या बायका खाली. आम्ही मान मोडून काम करतो आणि ही नुसती उभी राहते, असं त्यांना वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुरुवातीला ती जेवायच्या सुट्टीत खाली जायची. पण कोणी डब्यातलं पुढे केलं की ‘नको, सोमवारी माप आहे’ म्हणावं लागायचं. चार वेळा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा कोण विचारतं? मग ती वरच, इस्त्रीच्या टेबलाशी, आपला डबा खायला लागली.

फोटोत तिचा चेहरा कधीच नसायचा. कॅमेरा हनुवटीखाली सुरू व्हायचा आणि गुडघ्यापाशी थांबायचा. व्हिडिओवरही तसंच. पलीकडच्या बाईंचा आवाज यायचा, मर्चंडायझर बाई मराठीत सांगायच्या: हात वर करा, वळा, बसा, पुन्हा उभ्या राहा. ती करायची. वर्षानुवर्षं तो आवाज तिच्या पाठीबद्दल, खांद्यांबद्दल, कोपराच्या वाकण्याबद्दल बोलत राहिला. एकदा ते बोलणं मध्येच थांबलं. मर्चंडायझर बाई म्हणाल्या, “त्या विचारताहेत, हाताला काय लागलंय?” तिच्या मनगटावर इस्त्रीचा चटका होता. काही नाही, बरा होतोय, असं तिने सांगितलं. पण तो प्रश्न तिने पुढे कितीतरी दिवस जपून ठेवला. घरी आईलासुद्धा दोनदा सांगितला.

अकराव्या वर्षी पलीकडच्या त्या बाई स्वतः कारखाना बघायला आल्या. मिडियमने त्या दिवशी केस नीट बांधले, चांगले कपडे घातले. सगळा लवाजमा व्हरांड्यातून आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. बाई उंच होत्या, तिला वाटलं होतं त्यापेक्षा म्हाताऱ्या. वाटेतल्या सगळ्यांकडे बघून हसल्या तशाच त्या तिच्याकडे बघूनही हसल्या आणि पुढे गेल्या. नंतर सॅम्पल रूममध्ये ती नमुना घालून पाठमोरी उभी राहिली, तेव्हा मात्र त्या खुशीत काहीतरी म्हणाल्या, जवळ येऊन तिचे दोन्ही खांदे धरले, ओळखीच्या माणसाचे धरावेत तसे. मग तिला आपल्याकडे वळवलं आणि चेहऱ्याकडे बघून क्षणभर संकोचल्या. मर्चंडायझर बाईंनी त्यांचं बोलणं सांगितलं: “त्या म्हणतात, तुमचा चेहरा त्यांनी मनात वेगळाच धरला होता.”

आई गेली तेव्हा मिडियम पंचेचाळीस वर्षांची होती. आठ दिवस दवाखाना, नवव्या दिवशी दुपारी सगळं संपलं. दूरच्या शहरातून भाऊ-वहिनी आले, सगळं आटोपेपर्यंत राहिले. आता इथे एकटी काय करणार, चल आमच्याकडे, असं भाऊ मनापासून म्हणाला. ती म्हणाली, सीझन आहे, कामावर माझ्यावाचून अडतं. ते खरंच होतं, आणि ते म्हणताना तिला जरा बरंही वाटलं.

ती कामावर रुजू झाली. घरी आल्यावर स्वयंपाक करायची. हाताला दोघींचीच सवय, म्हणून अर्धा उरायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा लागायचा. टाकायचं जिवावर यायचं म्हणून करणंच कमी झालं. मग पाव आणि चहा. मग नुसता चहा. भूक मेलीच होती म्हटलं तरी चालेल. ताटात आता जास्त झालं किंवा थोडं झालं, असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं, आणि स्वतःचं स्वतःला म्हणणं तिला जमेना. बाहेर कोणाला काही दिसलं नाही. कपडे सैल असले की बाई कशी दिसते हे कोण बघतं?

तिसऱ्या सोमवारी कंबर अर्धा इंच कमी भरली. मास्तर एवढंच म्हणाले, जरा सांभाळ. पुढच्या सोमवारी तिने कॉलरमध्ये घालायच्या जाड अस्तराची एक लांब पट्टी कंबरेभोवती आणि सीटभोवती गुंडाळली आणि वरून नेहमीचा अंगाबरोबरचा पोशाख चढवला. माप बरोबर आलं. तिला तेव्हा हायसं वाटलं. ही जागा गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. फसवणूक वगैरे शब्द नंतर आले.

त्याच सुमारास एका मोठ्या ऑर्डरचा नमुना अंगावर चढला. कंबरेशी बसणारा, अस्तर लावलेला झगा, बावीस हजार नग. व्हिडिओवर पलीकडच्या बाईंनी बराच वेळ बघितलं. कंबर ठीक होती, पण वर कपडा लोंबत होता. छातीला अर्धा इंच आत घ्या, खांदा पाव इंच आत, काखेचा गोल थोडा वर, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांनी साचा बदलला, दुसरा नमुना शिवला. तो तिच्या अंगावर असा चपखल बसला की पलीकडून लगेच मंजुरी आली. मर्चंडायझर बाईंनी लाल चौकोनावर बरोबरची खूण केली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मिडियमला त्याच वेळी कळलं होतं. साचा आधी बरोबर होता. आता तो तिच्या वाळलेल्या खांद्यांसारखा झाला होता, आणि त्या खांद्यांसारख्या बावीस हजार बायका कुठेच नव्हत्या. तरी ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला जाताना तिने कटिंगच्या हॉलमध्ये बघितलं. लांब टेबलावर कापड अंथरणं चालू होतं. थरावर थर, गर्द हिरवं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन माणसं दोन्ही बाजूंनी ते हाताने सपाट करत चालली होती. कात्री कधी लागणार, तिने विचारलं. उद्या सकाळी, एकजण म्हणाला.

जेवायच्या सुट्टीत सॅम्पल रूम रिकामी होती. मास्तर एकटेच टेबलाशी पेन्सिलीला टोक करत बसले होते. ती पडद्यामागे गेली, पट्टी सोडवली, बाहेर येऊन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“पुन्हा मोजा,” ती म्हणाली. “सगळं मोजा.”

मास्तरांनी पट्टीकडे बघितलं. उठले, भिंतीकडे तोंड करून टेप लावली. खांदा, छाती, दंड, कंबर, सीट. प्रत्येक आकडा कागदावर लिहीत गेले. कंबर दोन इंचांनी उतरली होती, छाती एकाने. शेवटी टेप गुंडाळून ठेवली.

“जेवतेस का?” त्यांनी विचारलं.

“जेवते की.”

“काल काय जेवलीस?”

ती आठवत उभी राहिली. काल, परवा, त्याच्या आदला दिवस. काहीच आठवेना. आई गेली तेव्हा चारचौघांत जे आलं नव्हतं ते रडू तिथे, कागदी साच्यांच्या त्या खोलीत, आलं. मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं आणि आपण खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

“पट्टी मला दोन सोमवारांपूर्वीच लागली होती हाताला,” ते तिकडे बघतच म्हणाले. “मी बोललो नाही. म्हटलं, चार दिवसांत भरून येईल, कशाला बोला. वरची मापं घ्यायला हवी होती. चूक माझीपण आहे.”

“तुमची नाही.”

“ते आपण नंतर ठरवू. आधी कटिंग थांबवू.”

मर्चंडायझर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा पडला होता. त्या ओरडल्या असत्या तर मिडियमला बरं वाटलं असतं. त्यांनी आधी फोन करून कापड जिथल्या तिथे झाकून ठेवायला सांगितलं, मग तक्त्यापुढे उभ्या राहून तारखा मोजल्या. साचा पूर्वीचा करायचा, नमुना पुन्हा शिवायचा, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर मंजूर करून घ्यायचा. धरलेलं जहाज हातचं गेलं होतं. त्याच्या पुढचं आठ दिवसांनी. पलीकडे काय कळवायचं हा खरा पेच होता. साच्यात चूक झाली, असं कळवता आलं असतं. मास्तरही त्याला तयार होते. मिडियम म्हणाली, जे झालं तेच लिहा, मॅडम.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मर्चंडायझर बाईंनी तिला खुर्चीवर बसवून वाचून दाखवलं. कापायच्या आधी सांगितलंत म्हणून आभार. आठ दिवस आम्ही इकडे सांभाळून घेऊ. यापुढे मात्र माणसावर अवलंबून राहायचं नाही, मिडियमच्या ठरलेल्या मापांचा पुतळा पाठवत आहोत. आणि खाली वेगळ्या ओळीत: त्यांच्या आईबद्दल वाईट वाटलं. खांदे बदललेत हे मला दिसलं होतं. मी विचारायला हवं होतं. कपडाच दुरुस्त करत बसले.

“पुन्हा वाचू का?” मर्चंडायझर बाईंनी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “कळलं.”

पुतळा तीन आठवड्यांनी आला. करड्या कापडाचा, खालून चाकं लावलेला. मास्तरांनी त्याची सगळी मापं घेतली, आणि म्हणे सवयीने त्याच्याकडेही न बघता घेतली. सॅम्पल रूममधल्यांनी हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली, पण मास्तर हसले नाहीत.

तिला कामावरून काढलं नाही. मास्तरांनी आणि मर्चंडायझर बाईंनी शब्द टाकला आणि तिला बटणं, चेन, लेबलं ठेवायच्या स्टोअरमध्ये घेतलं. छतापर्यंत रॅक, प्रत्येक खोक्यावर ऑर्डरची चिठ्ठी. खालून मागणी आली की मोजून द्यायचं, आलेला माल तपासून लावायचा. साइझची लेबलं वेगवेगळ्या कप्प्यांत, एकात दुसरं मिसळलं तर हाहाकार. तिने ते काम चोख केलं. दिवसातून वीस-पंचवीस माणसं जाळीच्या खिडकीशी यायची, काय हवं ते सांगायची, घेऊन जायची. तिकडे बसून बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी ती खाली जायला लागली, पूर्वीच्या बायकांच्या बाकावर. तिच्या वेळच्या दोघीच उरल्या होत्या; बाकीच्या नव्या, पोरीबाळी. त्यांनी सरकून जागा केली. त्यांच्या बोलण्यातली माणसं तिच्या ओळखीची नव्हती, सासवा-नणंदांच्या गोष्टी मधूनच सुरू व्हायच्या आणि मधूनच संपायच्या. ती ऐकायची. कोणी डब्यातलं पुढे केलं तर आता घ्यायची. हळूहळू अंग भरलं, पूर्वीपेक्षा जरा जास्तच. सोमवार आता इतर वारांसारखा झाला. आपली कंबर किती हे तिला माहीत नव्हतं, आणि कधी कधी कपडे घालताना त्याचं नवल वाटायचं.

पुढच्या वर्षी तिने पहिल्यांदाच मोठी रजा घेतली आणि दहा दिवसांसाठी भावाकडे गेली. वहिनीने तिच्यासाठी एक खोली आवरून ठेवली होती, खिडकीला नवा पडदा लावला होता. पहिले दोन दिवस सगळे तिच्याभोवती होते. मग प्रत्येकाचं आपापलं काम सुरू झालं. सकाळी दारं लागायची आणि वहिनीही नोकरीवर गेली की दिवसभर ती दुसऱ्याच्या घरात एकटी असायची. कोणती भांडी कुठे, गॅस कसा लागतो, कोणता पंखा आवाज करतो, सगळं विचारून करावं लागायचं. तिला कोणी काही कमी केलं नाही. तरी सहाव्या दिवशी तिने भावाला परतीच्या गाडीची वेळ विचारली.

“इतक्यात?” भाऊ म्हणाला. “राहा की. कायमची राहिलीस तरी कोण नको म्हणतंय?”

“कोणी नको म्हणत नाही, दादा,” ती म्हणाली. “मलाच नीट सांगता येत नाही. स्टोअरची किल्ली दुसऱ्याकडे देऊन आलेय, म्हण हवं तर.”

भाऊ स्टेशनवर सोडायला आला तेव्हा गाडी हलेपर्यंत खिडकीची कड धरून उभा होता.

ती घरी पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. जिन्यात शेजारीण कपडे घेऊन येत होती. “आज लवकर सुटलात वाटतं?” तिने विचारलं. सात दिवस दाराला कुलूप होतं, ते शेजारणीच्या लक्षात आलं नव्हतं. हो, असं मिडियम म्हणाली आणि किल्ली काढली. आत बंद हवेचा वास होता. तिने खिडक्या उघडल्या, ओटा पुसला, केर काढला, बॅगेतले कपडे कप्प्यात लावले. मग वहिनीने प्रवासासाठी बांधून दिलेला डबा, जो गाडीत उघडायचा राहूनच गेला होता, तो घेऊन ती खिडकीशी बसली, आणि समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं ते बघत बघत तिने तो सगळा संपवला.